जुन्या फिल्म प्रोजेक्टरचे सुटे भाग : कुठे शोधावेत, कसे बनवून घ्यावेत

आपल्या देशातील सिनेमागृहांत २००५ च्या सुमारास डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढील आठ-दहा वर्षांत फिल्मची रिळे जवळजवळ नाहीशी झाली. जपानच्या फुजी कंपनीने २०१३ साली सिनेमाची नेहमीची फिल्म बनवणे बंद केले. जत्रांमधून फिरणाऱ्या आपल्या तंबू टॉकीजचेही तेच झाले. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा २०१६ चा माहितीपट महाराष्ट्रातील अशाच फिरत्या टॉकीजवर आहे व त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक वयस्क कारागीरही दिसतो. या काळात थिएटरवाल्यांनी सिम्प्लेक्स, वेस्ट्रेक्स, फोटोफोन, बाऊर अशी यंत्रे किलोच्या भावाने भंगारात घातली. ज्यांनी ती घेतली त्यांनी बहुतेक वेळा पितळ वेगळे केले, तांबे वेगळे केले आणि उरलेला बीडाचा सांगाडा भट्टीला दिला.

आज परिस्थिती अशी आहे की याच यंत्रांना पुन्हा गिऱ्हाईक आहे. संग्रहालये आहेत, हौशी संग्राहक आहेत, जुना काळ दाखवणाऱ्या चित्रपटांचे कलादिग्दर्शक आहेत. शिवाय ज्यांच्या घरी आजोबांनी काढलेल्या ८ मिलिमीटरच्या लग्नाच्या, सफरीच्या फिल्मी पडून आहेत अशी कुटुंबे आहेत आणि माझ्या मते टिकाऊ काम याच शेवटच्या गिऱ्हाइकाकडून येते. दुरुस्ती करणारा हात अजून मुंबई-पुण्यात सापडतो, अडते ते सुट्या भागांपाशी. व्हिएन्नाची ऑयमिग कंपनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडाली, बेल अँड हॉवेलने प्रोजेक्टर बनवणे केव्हाच सोडले. एजंटाकडे चिठ्ठी देऊन पार्ट मागवण्याचे दिवस गेले. आता भाग एक तर जुन्या यंत्रातून काढावा लागतो, दुसऱ्या धंद्यातून उचलावा लागतो, किंवा लेथवर बनवून घ्यावा लागतो.

पार्ट शोधण्याआधी

दुरुस्तीला आलेल्या बंद यंत्राला पुष्कळदा नवा भाग लागतच नाही. चाळीस-पन्नास वर्षे पडून राहिलेल्या प्रोजेक्टरमधील ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. मालक घरी प्लग लावून बटण दाबतो, मोटार जोर करते, चाके हलत नाहीत आणि त्या झटक्यात जुने प्लास्टिकचे गिअर फुटते. म्हणजे जे यंत्र फक्त साफ करायचे होते त्याला आता पार्ट हवा! म्हणून यंत्र आल्याबरोबर वीज अजिबात लावू नये. मोटारीची मूठ हाताने फिरवून पाहावी, जिथे अडते तिथले ग्रीस रॉकेलने किंवा स्पिरिटने विरघळवून काढावे, बुशना हलके शिलाई मशीनचे तेल पाजावे आणि एक रात्र तसेच ठेवावे. यंत्र हाताने मोकळे फिरू लागल्यावरच पुढची पायरी. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये १०० वॉटचा साधा बल्ब जोडावा किंवा डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू वाढवावे. यंत्र उकलण्यापूर्वी प्रत्येक टप्प्यावर मोबाईलवर फोटो घ्यावा. शटर आणि पंजा यांची एकमेकांशी असलेली वेळ एकदा चुकली की पडद्यावर अक्षरे उभी ओघळल्यासारखी दिसतात आणि ती वेळ पुन्हा जुळवण्यात अख्खा दिवस जातो.

त्यानंतर यंत्राची पाटी नीट वाचावी. फिल्म किती मिलिमीटरची हे तर पाहावेच, पण व्होल्ट आणि सायकल (हर्ट्झ) हे दोन आकडे अधिक महत्त्वाचे. अमेरिकेतून आलेले यंत्र ११० किंवा ११५ व्होल्टचे आणि ६० सायकलचे असते. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टचा प्रश्न सुटतो, सायकलचा सुटत नाही. आपल्याकडची वीज ५० सायकलची. इंडक्शन किंवा सिंक्रोनस मोटार त्यावर सहापैकी पाच हिश्श्यांनीच फिरते. २४ ऐवजी सेकंदाला २० चित्रे जातात आणि गाणे भसाड्या आवाजात ऐकू येते. याला महागडा पार्ट लागत नाही. मोटारीची पुली सव्वापटीपेक्षा थोडी कमी, म्हणजे नेमकी १.२ पट मोठी करून घ्यावी. मूळ पुली २० मिलिमीटरची असेल तर २४ ची. कोणताही लेथवाला ॲल्युमिनियमच्या सळईतून ती काढून देईल. काही कंपन्यांच्या यंत्रात दोन खाचांची पुली आधीच दिलेली असते, फक्त पट्टा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत टाकायचा असतो. तेव्हा लेथवाल्याकडे धावण्यापूर्वी तेही पाहून घ्यावे. ब्रशच्या मोटारीला मात्र हा हिशेब लागू नाही.

पट्टे

८ आणि १६ मिलिमीटरच्या यंत्रात सर्वांत आधी मरतो तो रबरी पट्टा. जपानी यंत्रांत तर तो डांबरासारखा वितळून पुलीला चिकटलेला सापडतो. हे डांबर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चिंधीने काढावे. हाताला लागले तर दोन दिवस जात नाही.

गोल पट्ट्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर पॉलियुरेथेनची गोल दोरी मीटरवर मिळते. ३, ४, ५, ६ मिलिमीटर अशा जाडीत. दोन्ही टोके गरम पात्यावर एकदम वितळवून एकमेकांवर दाबली की सांधा पक्का होतो. थंड झाल्यावर फुगलेली कड ब्लेडने तासावी, नाहीतर दर फेरीला टक-टक आवाज येतो आणि तो आवाज चित्रालाही हलवतो. लांबी काढण्यासाठी पुलींभोवती दोरा गुंडाळून मोजावे व त्यातून ५ टक्के कमी करावे. दोरा ६० सेंटिमीटर भरला तर पट्टा ५७ चा. रीळ गुंडाळणाऱ्या बाजूला पुष्कळ जुन्या यंत्रांत पोलादी स्प्रिंगचा पट्टा असतो. तोही तशाच जाडीच्या स्प्रिंगच्या लांब तुकड्यातून बनतो, एक टोक दुसऱ्यात पिळून बसवायचे असते. काही ठिकाणी पायाच्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा चपखल बसतो. किंमत नगण्य आणि मिळतो प्रत्येक गावात.

दातेरी पट्ट्याच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विसंबू नये. इंची मापाच्या पट्ट्यात दोन दातांतील अंतर ५.०८ मिलिमीटर असते, मेट्रिक पट्ट्यात ५ मिलिमीटर. हातात घेऊन पाहिले तर दोन्ही सारखेच. पण ६० दातांच्या पट्ट्यात हा फरक जवळजवळ ५ मिलिमीटर होतो, म्हणजे पट्टा एक दात कमी असल्यासारखा ताणतो आणि बेअरिंग खातो. दुकानदाराला जुना पट्टा दाखवून 'असाच द्या' म्हणण्याऐवजी दहा दातांचे अंतर व्हर्निअरने मोजून न्यावे.

गिअर आणि आटे

सर्वांत जास्त चौकशी होते ती बेल अँड हॉवेलच्या १६ मिलिमीटर यंत्रातील वर्म गिअरची. शाळा-कॉलेजांत आणि सरकारी प्रचार विभागात ही यंत्रे पुष्कळ होती. त्यांच्या नंतरच्या मॉडेलमध्ये मोटारीच्या दांड्यावर प्लास्टिकचा वर्म बसवलेला आहे. काळाने प्लास्टिक आकसते, आतला पोलादी दांडा आकसत नाही, म्हणून वर्म उभा तडकतो. यंत्र एकदम अडकते आणि मालकाला वाटते मोटार जळाली. याचा नवा वर्म अमेरिकेत व युरोपात छोटे कारखानदार बनवून विकतात. आपल्याकडेही बनू शकतो, पण त्यासाठी नमुना शाबूत हवा. म्हणून असे यंत्र हाती आले आणि त्याचा वर्म अजून फुटलेला नसेल, तर मापे त्याच दिवशी घेऊन वहीत उतरवावीत.

साध्या दातेरी चाकाचे माप काढण्यात कारागीर नेहमी एका ठिकाणी अडखळतो. युरोपी आणि जपानी यंत्रांची चाके मॉड्यूलवर असतात, अमेरिकी व जुनी इंग्रजी यंत्रे डायमेट्रल पिचवर, म्हणजे डीपीवर. ओळखण्याची रीत सोपी आहे. दात मोजावेत, त्यात २ मिळवावेत आणि चाकाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला या आकड्याने भागावे. समजा ४० दात आहेत, व्यास ३३.६ मिलिमीटर आला; ३३.६ भागिले ४२, म्हणजे ०.८ मॉड्यूल. पण व्यास ३३.३४ आला तर तोच भागाकार ०.७९४ येतो आणि ते चाक ३२ डीपीचे ठरते. फरक पाव मिलिमीटरचा. घाईत ०.८ चा कटर लावून काढलेले चाक बसते, फिरतेही, पण दळणाच्या चक्कीसारखा आवाज करते आणि जोडीचे चाक खाऊन टाकते. झिजलेल्या चाकाचा व्यास कमीच भरतो हेही लक्षात घ्यावे. शक्य असेल तर जोडीचे दुसरे चाक मोजून खात्री करावी. दाताचा कोन हा आणखी एक पेच आहे. जुन्या यंत्रांत तो साडेचौदा अंशांचा असू शकतो, आजचे कटर २० अंशांचे असतात. अशा वेळी जोडीतील दोन्ही चाके नवी करणे हाच शहाणपणा.

कोणत्या मालातून बनवावे? मूळ चाक फायबरचे असेल तर कापडी हायलम उत्तम. तो आवाज खातो आणि अडले तर स्वतः तुटून बाकीचे यंत्र वाचवतो. नायलॉन दमट हवेत थोडा फुगतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा फरक जाणवतो, म्हणून बारीक दातांसाठी डेलरिन बरा. पितळ टिकाऊ खरे, पण सगळीच चाके पितळी केली तर यंत्र तंबूत चालवण्याजोगे होते, दिवाणखान्यात नव्हे.

इथे आपल्या मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या खरादी बांधवांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. यंत्रमागाची चाके वर्षानुवर्षे काढणाऱ्या हातांना हे काम नवे नाही, फक्त दात बारीक आहेत. एका नगासाठी सेटिंग करणे परवडत नाही ही तक्रार रास्त आहे. पण एकाच मॉडेलचे चाक दहा-वीस नग काढून ठेवले तर देशभरातील दुरुस्ती करणारे ते उचलतील. आजवर प्रत्येक जण एकटाच एक-एक नग काढत बसला, म्हणूनच भाव चढला.

आट्यांबद्दल थोडक्यात : अमेरिकी यंत्रात इंची आटे, जर्मन-जपानी यंत्रात मेट्रिक आणि जुन्या इंग्रजी यंत्रात बीए आटे. २ बीए चा स्क्रू ४.७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याचे आटे ५ मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूशी जवळजवळ जुळतात. त्यामुळे मेट्रिक स्क्रू दोन फेरे आत जातो, मग जोर केला की भोकाचे आटे मोडतात. ज्या पेटीत जुने स्क्रू असतील ती भंगारात कधीही देऊ नये.

३५ मिलिमीटरचे क्रॉस आणि स्प्रॉकेट

थिएटरच्या यंत्राचे हृदय म्हणजे माल्टिज क्रॉसची तेलात बुडालेली पेटी. आतली दांडी सेकंदाला २४ फेरे घेते, दर फेऱ्याला क्रॉस पाव वळतो, त्यावरचे १६ दातांचे स्प्रॉकेट फिल्मची ४ छिद्रे, म्हणजे एक चित्र, खाली ओढते आणि थांबते. ही थांबण्याची क्रिया जराशी सैल झाली तरी पडद्यावर चित्र थरथरते, कारण तिथे तो फरक शेकडो पटींनी मोठा होऊन दिसतो. हा क्रॉस साध्या वर्कशॉपमध्ये बनवू पाहू नये. तो मिळवायचा तो दुसऱ्या यंत्रातूनच. पेटीतले तेल काढून पाहावे. त्यात पोलादाची चमकणारी भुकटी असेल तर पेटी घेऊ नये, फक्त काळे तेल असेल तर हरकत नाही. अंगठ्याने स्प्रॉकेट हलवून पाहिले असता खुळखुळ जाणवू नये.

स्प्रॉकेटचे दात एका बाजूने झिजून आकड्यासारखे होतात व फिल्मची छिद्रे फाडतात. पुष्कळ यंत्रांत ते उलटे करून बसवता येते, मग न झिजलेली बाजू कामाला येते. जुने ऑपरेटर हे नेहमी करत. दोन्ही बाजू संपल्या असतील तरच नवे शोधावे. अमेरिकेतील लावेझी या कारखान्याने अनेक कंपन्यांच्या यंत्रांसाठी स्प्रॉकेट बनवले होते. जुन्या साठ्यात त्या नावाची डबी दिसली तर सोडू नये.

यावरून भंगारवाल्या बांधवांना हिशेब कळेल. बंद थिएटरचे यंत्र वजनावर घेतले तरी क्रॉसची पेटी, स्प्रॉकेट, गेट, लेन्स आणि साउंड हेड इतक्या वस्तू फोडण्यापूर्वी वेगळ्या काढून, तेल लावून, कागदात गुंडाळून, वर मॉडेलचे नाव लिहून ठेवाव्यात. चिठ्ठी नसलेल्या भागाला कुणी ओळखत नाही आणि न ओळखलेला भाग शेवटी किलोनेच जातो. यंत्र पूर्ण असेल तर मात्र ते मुळीच फोडू नये. उरलेली पूर्ण यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत आणि सुट्या भागांपेक्षा चालू यंत्राला मागणी जास्त आहे.

दिवे आणि आवाज

छोट्या यंत्रांच्या दिव्यांची अडचण लोक समजतात तेवढी मोठी नाही. जपानी १६ मिलिमीटर यंत्रांत लागणारा २४ व्होल्ट २५० वॉटचा, ईएलसी खुणेचा, परावर्तक असलेला हॅलोजन दिवा डीजे आणि स्टेज लायटिंगवाले वापरत आले आहेत, त्यांच्या दुकानात विचारावे. सुपर ८ चा १२ व्होल्ट १०० वॉटचा दिवा वैद्यकीय आणि प्रयोगशाळेच्या उपकरणांसाठीही लागतो. फक्त व्होल्ट-वॉट जुळले म्हणून घेऊ नये. परावर्तकापासून प्रकाश कुठे एकवटतो ते अंतर खुणेनुसार बदलते आणि चुकीचा दिवा मध्येच उजेड व कडेला अंधार देतो. जुने ११० व्होल्टचे ७५० किंवा १००० वॉटचे नळीसारखे दिवे मात्र आता जुन्या साठ्यातच मिळतात. त्याऐवजी २४ व्होल्टचा हॅलोजन आणि वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवता येतो. तंतू मूळ दिव्याच्या उंचीवर आणि भिंगाच्या मध्यावर आणणे एवढीच काळजी. ३५ मिलिमीटरच्या झेनॉन दिव्याला मुखवटा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नये. तो थंड असतानाही आतल्या दाबाने फुटतो.

आवाजाच्या बाजूला व्हॉल्व्हची चिंता करू नये. ६व्ही६, ६एल६, ईसीसी८३ हे व्हॉल्व्ह गिटारच्या अँप्लिफायरसाठी रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये आजही बनतात आणि लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तर मिळण्यासारखे आहेत. जुने कंडेन्सर सरसकट बदलावेत. आवाज वाचणारा एक्सायटर दिवा डीसीवरच चालवावा; साध्या एसीवर चालवला तर दर सेकंदाला शंभर वेळा उजेड कमी-जास्त होतो आणि स्पीकरमधून सतत गुणगुण ऐकू येते. पुष्कळ जण याला अँप्लिफायरचा दोष समजून चांगला अँप्लिफायर उघडून बसतात.

बाजार आणि कायदा

मुंबईत चोरबाजारातील मटन स्ट्रीट हे पहिले ठिकाण. दुकाने शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो आणि सुटे भाग दुकानापेक्षा तिथे अधिक सापडतात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. परदेशातून मागवायचे असेल तर नव्याने बनवलेला भाग आणि वापरलेला भाग यांत कस्टमच्या दृष्टीने फरक आहे. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आहेत, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी जाणकार एजंटाला विचारावे.

निर्यात करणाऱ्यांनी तर अधिक सावध असावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षे वा त्याहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यापाऱ्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. हाताने फिरवायचे पाथे कंपनीचे यंत्र म्हणजे पितळी खेळणे नव्हे. ९.५ मिलिमीटरचे 'पाथे बेबी' १९२२ साली बाजारात आले, म्हणजे त्याचे सर्वांत जुने नगही आता या मर्यादेत आले आहेत. परदेशी गिऱ्हाइकाने कितीही रक्कम सांगितली तरी आधी पुरातत्त्व खात्याकडून खात्री करून घ्यावी.

दोन धोके सांगणे आवश्यक आहे. जुन्या आर्क लॅम्पच्या घरात आणि वायरींवर ॲस्बेस्टॉस असते. ते कोरडे घासू नये, त्याची धूळ फुप्फुसात जाते. दुसरे असे की १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. यंत्रासोबत अशी जुनी रिळे आली तर ती चालवून न पाहता पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला कळवावे. ८ आणि १६ मिलिमीटरच्या फिल्मला हा धोका नाही.

काम घेताना गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्यावे की कोणता भाग मूळचा ठेवला, कोणता दुसऱ्या यंत्रातून घातला आणि कोणता नवा बनवला. संग्राहक या कागदाचेही पैसे देतो. जुना फुटलेला भाग त्याला परत द्यावा. आणि त्याच्या वडिलांची एकुलती एक रीळ चाचणीसाठी कधीही लावू नये. निकामी फिल्मचा १०० फुटांचा तुकडा दुकानात ठेवावा. १६ मिलिमीटरच्या यंत्रातून तो २ मिनिटे ४७ सेकंदांत जायला हवा. ३ मिनिटे २० सेकंद लागले तर यंत्र २० चित्रांनी चालत आहे. पाटी पुन्हा वाचावी आणि पुलीचे माप घ्यावे.